लिंकिन पार्कचा 'वन मोअर लाइट': पॉप केलंत ते ठीक, पण घाबरत घाबरत का?

आधीच सांगून टाकतो, मी लिंकिन पार्क या अमेरिकन रॉक बँडचा फॅन आहे, झोपेतून उठवून त्यांच्या 'मेटिओरा' अल्बममधल्या गाण्यांचा क्रम विचारलात तरी सांगेन त्यातला, त्यामुळे हा रिव्ह्यू निःपक्षपाती वगैरे अजिबात नाहीये. पण त्यांच्या २०१७ च्या 'वन मोअर लाइट' या अल्बमबद्दल दोनच मतं कायम कानावर पडतात आणि मला दोन्हीचा कंटाळा आलाय. एक म्हणजे विकले गेले, पॉप झाले, संपला विषय. आणि दुसरं बँडचा गायक चेस्टर बेनिंग्टन गेल्यानंतर सुरू झालेलं, की या अल्बमला नावं ठेवायचीच नाहीत, ठेवली तर तुम्हाला काळीज नाही. पहिल्या लोकांना अल्बम ऐकायचाच नव्हता आणि दुसऱ्यांना तो नीट ऐकवत नाही. मधल्यामध्ये दहा गाणी आहेत, सगळी मिळून जेमतेम पस्तीस मिनिटांची, त्यांच्याबद्दल कोणी बोलतच नाही राव.

माझं म्हणणं एवढंच आहे की पॉप करणं ही या अल्बमची चूक नाहीच. जिथे ते बिनधास्त पॉप झालेत तिथे गाणी भारी झालीत, आणि जिथे रेडिओवाले काय म्हणतील असा विचार केलाय तिथे गाणी पडलीत.

थोडं मागचं सांगायला हवं. २०१४ ला यांनीच 'द हंटिंग पार्टी' काढलेला, अख्ख्या करिअरमधला सगळ्यात कडक अल्बम, रेज अगेन्स्ट द मशीनचा गिटारिस्ट टॉम मोरेलो काय, सिस्टम ऑफ अ डाउन बँडचा डॅरन मलाकियन काय, सगळ्यांना बोलावून नुसता धिंगाणा. जुने फॅन खूश झाले, आपली पोरं परत आली म्हणाले. आणि मग १६ फेब्रुवारी २०१७ ला 'वन मोअर लाइट'मधलं पहिलं गाणं 'हेवी' आलं. नाव 'हेवी', सोबत किआरा नावाची पॉप गायिका, आणि गाणं एवढं हलकं की पहिल्यांदा ऐकताना गिटार कधी येणार याची वाट बघता बघता गाणं संपतं. यूट्यूबवर कमेंटमध्ये जो काय शिमगा झालाय तो विचारू नका. मे महिन्यात, १९ तारखेला, पूर्ण अल्बम आला आणि उरलेसुरलेलेही भडकले. बिलबोर्ड २०० या अमेरिकेतल्या अल्बमच्या यादीत तो थेट पहिल्या नंबरला गेला ही गंमत वेगळीच.

आता हा राग समजून घ्यायचा तर आपल्याकडे लिंकिन पार्क म्हणजे नक्की काय होतं ते लक्षात घ्या. पुण्या-मुंबईत २००० नंतर इंजिनिअरिंग केलेल्या कोणालाही विचारा. इंग्रजी गाणी ऐकायची सुरुवातच अनेकांची 'इन द एंड' आणि 'नम्ब'पासून झाली, हॉस्टेलच्या लॅनवरून, मित्राच्या पेन ड्राइव्हवरून, मग 'ट्रान्सफॉर्मर्स' आला तेव्हा 'व्हॉट आय हॅव डन' रिक्षावाल्याच्या मुलापासून बंगल्यातल्या पोरापर्यंत सगळ्यांना पाठ. कॉलेजच्या फेस्टमध्ये स्टेजवर चढलेला प्रत्येक बँड 'नम्ब' वाजवणार म्हणजे वाजवणारच, आणि गायक ओरडण्याच्या ठिकाणी खोकणार. ज्यांना इंग्रजी धड बोलता यायचं नाही त्यांनाही तो वैताग, तो घरच्यांवरचा आणि सिस्टिमवरचा राग समजायचा. अशा माणसाला तुम्ही दहा गाण्यांचा अल्बम दिला आणि त्यात चेस्टर एकदाही किंचाळला नाही, तर तो चिडणारच ना. या अल्बममध्ये खरंच एकही स्क्रीम नाहीये. बँडचा रॅपर माइक शिनोदा याचं रॅप म्हणाल तर ते फक्त 'गुड गुडबाय'मध्ये, तेही पुशा टी आणि स्टॉर्म्झी या बाहेरच्या रॅपर्ससोबत वाटून घेतलेलं. बँडचा डीजे जो हानचं स्क्रॅचिंग भिंग घेऊन शोधावं लागतं.

पण एक गोष्ट फॅन लोक सोयीस्करपणे विसरतात. हा बँड कधीच एका जागी बसलेला नाही. 'मिनिट्स टू मिडनाइट'ला २००७ मध्ये प्रोड्युसर रिक रुबिनला घेऊन यांनी नू मेटल, म्हणजे मेटल आणि रॅपची ती मिसळ, सोडलं, तेव्हाही शिव्या खाल्ल्या. २०१० ला 'अ थाउजंड सन्स' म्हणजे तर अणुबॉम्बवरचा कन्सेप्ट अल्बम, तेव्हाही लोक म्हणाले हे काय चाललंय, आणि आज तेच लोक त्याला मास्टरपीस म्हणतात. चेस्टर स्वतः डेपेश मोड या सिंथ-पॉप बँडचा जबरदस्त फॅन होता, स्टोन टेम्पल पायलट्स या रॉक बँडमध्ये दोन-अडीच वर्षं गाऊन आला होता. म्हणजे या माणसाला फक्त किंचाळायला आवडतं हे आपणच ठरवून टाकलेलं. २०१७ च्या मुलाखतींमध्ये तो 'हायब्रिड थिअरी' 'हायब्रिड थिअरी', म्हणजे बँडचा २००० सालचा पहिला अल्बम, या पालुपदावर जाम वैतागलेला दिसतो, अगदी शिवी देऊन पुढे चला असं सांगतो, आणि मला त्याचं पटतं. सतरा वर्षांनी माणसाने तेच ओरडत बसायचं का?

या वेळेस त्यांनी काम करायची पद्धतच उलटी केलेली. आधी साधारण असं चालायचं की म्युझिकचा ट्रॅक बनवायचा, बीट, रिफ, सगळा सांगाडा उभा करायचा आणि मग वर शब्द आणि चाल बसवायची. इथे आधी शब्द आणि चाल, एका पियानो किंवा गिटारवर गाणं उभं राहतंय का ते बघायचं, आणि म्युझिक नंतर. त्यासाठी बाहेरचे गीतकारही घेतले, ज्युलिया मायकल्स आणि जस्टिन ट्रँटर 'हेवी'साठी, एग व्हाइट टायटल ट्रॅकसाठी, असे बरेच. मुख्य प्रोड्युसर मात्र घरचेच, माइक शिनोदा आणि बँडचा गिटारिस्ट ब्रॅड डेल्सन. हो, ज्याची गिटार कुठे गेली म्हणून लोक शोधतायत तोच ब्रॅड या अल्बमचा प्रोड्युसर आहे. म्हणजे कोणी कंपनीवाल्याने बळजबरी गिटार काढून घेतली हा सिद्धांत तिथेच बारगळतो.

आणि हा बदल ऐकू येतो. शब्द स्पष्ट आहेत, चाली पक्क्या आहेत, दुसऱ्यांदा ऐकताना तुम्ही गुणगुणायला लागता. घोळ झालाय तो गाणं लिहून झाल्यावर. २०१७ साली रेडिओवर जे जे चालू होतं ते सगळं त्यांनी आणून ओतलंय, आवाजाचे तुकडे करून त्यांची केलेली ती चिंव चिंव शिट्टी, चुटक्या, कोरसच्या आधी सगळं थांबवून मग धप्पकन आदळणारा ड्रॉप. 'नोबडी कॅन सेव्ह मी' हे पहिलंच गाणं घ्या, शब्द भारी आहेत, मला दुसरा कोणी वाचवणार नाही, मलाच काय ते करायचंय, हे चेस्टरच्या तोंडी ऐकताना आत काहीतरी हलतं, पण सुरुवातीलाच ती चिपमंकसारखी आवाजाची चिरफाड येते आणि मूडचा पार चुथडा होतो. असले आवाज फार पटकन शिळे होतात, आणि आज ऐकताना सगळ्यात जुनाट तेच वाटतात, गंमत म्हणजे 'हायब्रिड थिअरी' सतरा वर्षं आधीचा असून एवढा जुनाट वाटत नाही.

'बॅटल सिम्फनी' मला अजिबात आवडत नाही. क्रिकेट मॅचच्या ब्रेकमध्ये लावायला ठीक आहे. 'इन्व्हिजिबल' माइकने पूर्ण गायलंय, आपल्या मुलांना उद्देशून, भावना खरी आहे पण कोरस असा काही फुगवलाय की बाप मुलाशी बोलतोय असं वाटतच नाही, स्टेडियमशी बोलतोय असं वाटतं. 'गुड गुडबाय'मधला चेस्टरचा कोरस एकदम चिकटतो, स्टॉर्म्झी मजा आणतो, बाकी गाणं इथे का आहे माहीत नाही, दुसऱ्याच कोणाच्या अल्बममधून चुकून आल्यासारखं.

'टॉकिंग टू मायसेल्फ' मात्र चांगलं आहे, आणि ज्यांना गिटार हवी त्यांनी इथे यावं. माइकने सांगितलंय की हे गाणं चेस्टरच्या बायकोच्या, टॅलिंडाच्या बाजूने लिहिलेलं आहे. म्हणजे व्यसनात आणि स्वतःच्या डोक्यात अडकलेल्या माणसाशी बोलायचा प्रयत्न करणारी बायको, तिला समजतं की आपण भिंतीशी बोलतोय. आणि ते गातोय कोण, तर तोच माणूस. म्हणजे समोरच्याला माझ्यामुळे काय होतं हे मीच तिच्या जागी उभं राहून म्हणायचं. असल्या कल्पनेसाठी जुन्या अल्बममध्ये जागाच नव्हती, तिथे सगळं 'तुम्ही माझ्याशी असं वागलात' याच बाजूचं होतं.

'हेवी'वर जरा थांबतो कारण सगळ्यात जास्त शिव्या त्यानेच खाल्ल्यात. गाणं कसं सुरू झालं ते चेस्टरनेच सांगितलेलं, स्टुडिओत आला, कसा आहेस विचारल्यावर मस्त मजेत म्हणाला आणि मग नाही, खरं तर मी अजिबात ठीक नाही असं बोलून बसला आणि त्यातूनच गाणं निघालं. पहिलं कडवं ऐका, फक्त त्याचा आवाज आणि मागे अगदी बारीक म्युझिक, तो जवळजवळ बोलतोय, आवाजाला धार नाहीये, थकवा आहे. मी हे सगळं धरून का ठेवलंय, सोडत का नाही, असं स्वतःलाच विचारतोय. ज्याला माहितीये की हाच गळा जुन्या 'गिव्हन अप' गाण्यामध्ये तब्बल सतरा सेकंद एका दमात किंचाळलेला, त्याला हे आवरून धरणं जास्त लागतं. इथपर्यंत दहापैकी नऊ. दुसऱ्या कडव्यात किआरा येते, तिचा आवाज वाईट नाही पण तिला करायला काही दिलेलंच नाहीये, चेस्टर जे म्हणाला तेच ती म्हणते, आणि मग दोघं मिळून कोरस. दोन माणसांचं गाणं आहे तर दोघांचं काहीतरी वेगळं म्हणणं पाहिजे की नाही? ती नसती तरी चाललं असतं, आणि मला तर वाटतं ती आहे ती फक्त फीचरिंग लिहिता यावं म्हणून.

'सॉरी फॉर नाउ' हे या अल्बममधलं सगळ्यात दुर्लक्षित गाणं असेल. इथे त्यांनी उलटापालट केलीये, माइक गातो आणि मधल्या तुकड्यात रॅपच्या अंगाने जातो तो चेस्टर. वीसेक वर्षं एकाने बोलायचं, दुसऱ्याने गायचं या फॉर्म्युल्यावर जगलेल्या बँडने हे इतकं सहज करून टाकलंय की बऱ्याच जणांच्या लक्षातच आलेलं नाही. विषय साधा, बाप टूरवर निघालाय आणि मुलांची माफी मागतोय. मागे तीच शिट्टीछाप चिंव चिंव आहे, तरी गाणं टिकतं.

'हाफवे राइट'मध्ये चेस्टरने आपले नशेतले कोवळे दिवस मांडलेत, कडवी ऐकताना अंगावर येतं, आणि मग कोरसला ना ना ना. अरे बाबांनो, एवढं गंभीर सांगून झाल्यावर ना ना ना? हेच ते घाबरणं म्हणतोय मी. लिहायला धाडस केलं आणि सजवताना पाय लटपटले.

आणि मग टायटल ट्रॅक. 'वन मोअर लाइट'.

हे गाणं माइक आणि एग व्हाइटने लिहिलं ते एमी झॅरेट या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीतल्या मैत्रिणीसाठी, ती कॅन्सरने गेली होती. यात ड्रम्स आहेत म्हणायलाही नाहीत. ब्रॅडची गिटार आहे पण डिस्टॉर्शन, म्हणजे तो खरखरीत जड आवाज, नाही, नुसती झिरपत राहते, खाली कीबोर्डचा एक थर, आणि त्याच्यावर चेस्टर. बाकी काही नाही. एक तारा विझला तर कोणाला काय फरक पडतो, एवढा एकच प्रश्न आहे आणि मला पडतो एवढंच उत्तर. कोरस येतो तेव्हा आपण सवयीने वाट बघतो की आता काहीतरी फुटणार, आता ढोल येणार, आणि तो येत नाही. दुसऱ्या वेळीही येत नाही. चेस्टर आवाज वर नेतो, पण तुटू देत नाही, घरातल्या रिकाम्या खुर्चीचा उल्लेख येतो तिथे तर तो आणखीच सांभाळून गातो. हे पॉप नाही तर काय आहे? शंभर टक्के पॉप आहे, कोणीही म्हणू शकेल असं, आणि तरी ते गाणं दुसऱ्या कुठल्याही बँडचं वाटत नाही. सगळा अल्बम या हिमतीने केला असता तर आज हा रिव्ह्यू वेगळा असता.

अल्बम यायच्या आदल्याच दिवशी साउंडगार्डन बँडचा गायक ख्रिस कॉर्नेल गेला, चेस्टरचा जवळचा मित्र, आणि जिमी किमेलच्या टीव्ही शोमध्ये बँडने हेच गाणं त्याच्यासाठी म्हटलं. तो व्हिडिओ आहे, बघा, चेस्टरला शेवटी गाता येत नाहीये. दोन महिन्यांनी, २० जुलैला, कॉर्नेलच्याच वाढदिवशी, चेस्टरने आत्महत्या केली. 'टॉकिंग टू मायसेल्फ'चा व्हिडिओही त्याच दिवशी आलेला.

इथे माझं एक मत आहे जे बऱ्याच फॅन लोकांना पटत नाही. त्यानंतर हा अख्खा अल्बम त्याचं शेवटचं पत्र असल्यासारखा वाचला जातो, प्रत्येक ओळीत इशारा शोधतात. मला हे चुकीचं वाटतं. यातली दोन गाणी माइकच्या मुलांबद्दल आहेत, एक मैत्रिणीबद्दल आहे, एक बायकोच्या बाजूने आहे, बरीच बाहेरच्या लोकांनी सोबत बसून लिहिलेली आहेत. आणि डोक्यातल्या अंधाराबद्दल तर हा माणूस 'क्रॉलिंग'पासून गातोय, २००० सालापासून. तेव्हा आपण हेडफोन लावून नाचलोच ना त्यावर? त्याच्या जाण्याने अल्बम जास्त चांगला झालेला नाही की वाईट झालेला नाही. 'बॅटल सिम्फनी' तेव्हाही बोअर होतं, आजही बोअर आहे. टायटल ट्रॅक तेव्हाही रडवणारा होता, फक्त तेव्हा लोक गिटार शोधण्यात बिझी होते.

फ्रान्समध्ये हेलफेस्ट नावाचा मेटलचा मोठा फेस्टिव्हल असतो, तिथे त्या जूनमध्ये 'हेवी' चालू असताना लोकांनी हुर्यो उडवली, सामान फेकलं. मेटलच्या जत्रेत हे गाणं वाजवणं हा वेडेपणाच होता हे मान्य, पण ते वाजवायचं यालाही छाती लागते.

आता ज्यांना अल्बमचा आवाज सहन होत नाही त्यांच्यासाठी खरा उपाय, 'वन मोअर लाइट लाइव्ह'. डिसेंबर २०१७ मध्ये आला, त्याच शेवटच्या टूरवरचं रेकॉर्डिंग. इथे तीच गाणी खऱ्या ड्रम्सवर, खऱ्या गिटारवर आहेत आणि काय फरक पडतो बघा. ड्रमर रॉब बोर्डन मागे बसला की 'टॉकिंग टू मायसेल्फ' एकदम रॉक गाणं होऊन जातं, ती स्टुडिओतली प्लास्टिकची चकाकी गायब. 'शार्प एजेस' स्टुडिओत टाळ्याबिळ्या लावून जरा कॅम्पफायर टाइप करून ठेवलंय, आईने सांगितलेलं ऐकलं नाही, ठेचा खाल्ल्या आणि शहाणा झालो अशा छापाचं, पण लाइव्हमध्ये अकूस्टिक गिटारवर ते मोकळं होतं. आणि 'क्रॉलिंग' नुसत्या पियानोवर. हे ऐकल्यावर कळतं की गाणी चांगलीच होती, फक्त त्यांना घातलेले कपडे भाड्याचे होते.

मग सात वर्षांनी, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये 'फ्रॉम झीरो' हा नवा अल्बम आला, एमिली आर्मस्ट्राँग ही नवी गायिका आली, किंचाळणं आलं, रिफ आले, सगळे खूश. २०२६ च्या लोलापलूझा म्युझिक फेस्टिव्हलसाठी मुंबईला बँडचं नाव जाहीर झालं तेव्हा तर माझ्या सगळ्या ग्रुपवर दिवाळी. मलाही आवडला तो अल्बम. पण तो ऐकताना सारखं जाणवतं की फॅनला काय हवंय याची यादी करून बनवलाय, एक 'हायब्रिड थिअरी' टाइप, एक 'मेटिओरा' टाइप, सगळ्या चौकटींवर टिक. आणि तरी लोक म्हणतात की बघा, 'वन मोअर लाइट' ही चूक होती हे बँडलाही पटलं. मला उलटं वाटतं. या बँडसाठी किंचाळणं हीच सेफ खेळी आहे. जगात कुठेही वाजवा, टाळ्या ठरलेल्या. शिव्या खायची तयारी ठेवून हळू आवाजात गायचं, हे खरं रिस्की.

मार्क म्हणाल तर स्टुडिओ अल्बमला पाचपैकी तीन, लाइव्हला चार. नव्याने ऐकणार असाल तर पहिल्यापासून सुरू करूच नका, ती चिंव चिंव ऐकून पळून जाल. आधी टायटल ट्रॅक, मग 'टॉकिंग टू मायसेल्फ', मग 'सॉरी फॉर नाउ', मग 'हेवी'चं निदान पहिलं कडवं तरी. ही चार पटली तर बाकीची लाइव्हवर ऐका. 'बॅटल सिम्फनी' नाही ऐकलं तरी काही बिघडत नाही, आणि कोणाला ते मनापासून आवडत असेल तर का आवडतं ते मला समजावून सांगा, मी खरंच ऐकायला तयार आहे.